मेक्सिकोतली दगडी चित्रांची लायब्ररी: चार भिंती नीट कशा बघायच्या, आणि घरी एक फरशी करून कशी बघायची

मेक्सिको सिटीला कोणी ओळखीचं निघालं की मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, पिरॅमिड बघालच, चित्रकार फ्रीडा काहलोचं निळं घर बघालच, पण एक अख्खा दिवस उनामच्या लायब्ररीसाठी ठेवा. उनाम म्हणजे तिथलं राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ आणि त्याची मध्यवर्ती लायब्ररी म्हणजे एक उंच ठोकळा, ज्याच्या चारही बाजू वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत, साधारण ४,००० चौरस मीटर. बहुतेक लोक जातात, समोर उभं राहून सेल्फी काढतात, मागच्या बाजूला फिरतसुद्धा नाहीत आणि २० मिनिटांत परत येतात. मला खरंच वाईट वाटतं. मी नोकरीनिमित्त तिथे २ वर्षं होते, तेवढ्या काळात किती वेळा गेले मोजलं नाही, आणि दर वेळी काहीतरी नवीन दिसलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी हे काय आहे ते थोडक्यात

हुआन ओ'गॉर्मन (१९०५ ते १९८२) हा आर्किटेक्टही होता आणि चित्रकारही. तरुणपणी त्याने अगदी साधी सरळ, बिनसजावटीची घरं बांधली, दिएगो रिव्हेरा आणि फ्रीडा काहलो या चित्रकार जोडप्याचं सान आंहेल भागातलं स्टुडिओघर त्याचंच आहे, १९३१-३२ चं. मग १९५० च्या सुमाराला शहराच्या दक्षिणेला विद्यापीठाचा नवा कॅम्पस उभा राहत होता, तेव्हा लायब्ररीचं काम गुस्ताव्हो साआवेद्रा आणि हुआन मार्तिनेस दे व्हेलास्को या दोघांबरोबर त्याच्याकडे आलं.

आता लायब्ररीची एक अडचण असते, पुस्तकांना ऊन चालत नाही. त्यामुळे पुस्तकांचे १० मजले जवळजवळ बिनखिडक्यांचे ठेवायचे ठरले. म्हणजे कॅम्पसच्या मधोमध एक भला मोठा आंधळा ठोकळा. त्या कोऱ्या भिंतींवर ओ'गॉर्मनने मेक्सिकोचा इतिहास मांडला, आणि रंगाने नाही तर दगडाने. उघड्यावर ऊनपावसात रंग टिकणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो देशभर रंगीत दगड शोधत फिरला. पिवळे, लाल, काळे, हिरवे दगड गेरेरो राज्यातून, गुलाबी आणि जांभळट ज्वालामुखीचे दगड हिदाल्गोमधून, असं करत करत जवळजवळ सगळे रंग मिळाले, फक्त हवा तसा निळा मिळेना. म्हणून निळ्यासाठी तेवढी रंगीत काच वापरली, तीही फोडून, दगडासारखी दिसेल अशी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. लायब्ररी १९५६ च्या एप्रिलमध्ये उघडली आणि २००७ मध्ये हा सगळा मध्यवर्ती कॅम्पस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

पायरी १: महिना आणि वेळ ठरवा (इथेच बहुतेकांचं चुकतं)

माझं स्वतःचं पहिल्यांदा असंच झालं होतं. डिसेंबरात दुपारी गेले, उत्तरेची भिंत, जी मला सगळ्यात जास्त बघायची होती, ती पूर्ण सावलीत, मागे लख्ख आकाश, आणि डोळ्यांना नुसता एक काळपट पडदा दिसत होता. मग घरी येऊन विचार केला की असं का झालं आणि मग एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. तो कॅम्पस साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपलं ठाणं १९.२ वर. म्हणजे तिथला सूर्य आकाशातून जसा फिरतो तसाच आपल्या ठाण्या-मुंबईच्या आकाशातून फिरतो! मुंबईत मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी शून्य सावली दिवस असतो ना, दुपारी सावली पायाखाली जाते तो, तिथेही जवळजवळ त्याच तारखांना असतो. त्यामुळे आपल्या सोसायटीत कुठल्या महिन्यात कुठल्या बाल्कनीत ऊन येतं हे ज्याला माहीत आहे त्याला या लायब्ररीचं टाइमटेबल आपोआप समजतं.

तर हिशोब असा. सप्टेंबरअखेर ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तर भिंतीवर थेट ऊन अजिबात पडत नाही, आणि दक्षिण भिंत दिवसभर उन्हात असते. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत बरोब्बर उलटं होतं, भर दुपारीसुद्धा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, उत्तर भिंत उजळते आणि दक्षिण सावलीत जाते. मधल्या दिवसांत, म्हणजे एप्रिल किंवा ऑगस्टमध्ये, उत्तरेला फक्त सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरपं ऊन मिळतं. पूर्व भिंत बाराही महिने सकाळची, पश्चिम बाराही महिने दुपारनंतरची, त्यात काही गुंतागुंत नाही. एक छोटी गोष्ट, तिथे घड्याळातले १२ म्हणजे सूर्याचे १२ नव्हेत, सूर्य माथ्यावर येतो साधारण साडेबाराला.

पाऊस पण धरा. जून ते ऑक्टोबर तिथला पावसाळा, पण आपल्यासारखी संततधार क्वचित, सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर ढग भरून येतात आणि कोसळतो. म्हणून जून-जुलैत जात असाल तर सकाळी ८ ला हजर व्हा, उत्तर भिंत आधी बघा. नोव्हेंबर ते एप्रिल जात असाल तर दिवस असा लावा: साडेआठ-नऊला पूर्व, ११ नंतर दक्षिण, भर दुपारी लायब्ररीच्या आत, साडेतीननंतर पश्चिम, आणि उत्तर भिंत मधे केव्हाही, पण टोपी घालून. टोपीचं सांगते पुढे.

पाऊस पडून गेल्यावर तिथे असाल तर मात्र धावत बाहेर या. खडबडीत कोरड्या दगडावर उजेड इकडेतिकडे विखुरतो म्हणून रंग फिकट दिसतो, आणि ओला झाला की पाण्याच्या पातळ थराने तोच रंग एकदम गडद होतो. आपण पहिल्या पावसात सह्याद्रीचा कातळ असा एका तासात काळाकुळकुळीत झालेला बघतोच की. इथे तेच लाल, पिवळ्या, हिरव्या दगडांचं होतं आणि ते १० मजले एकदम.

विद्यापीठाला जुलैमध्ये आणि डिसेंबरमध्ये सुट्ट्या असतात, तेव्हा आतून लायब्ररी बंद मिळू शकते. बाहेरून मात्र बघता येते आणि गर्दी नसल्यामुळे उलट छान वाटतं.

पायरी २: पोचायचं कसं

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आधी व्हिसाचं बघा. अमेरिका, कॅनडा, यूके, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा टुरिस्ट व्हिसा लागत नाही असा नियम बरीच वर्षं आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे तसं सोपं पडतं. तरी तिकीट काढायच्या आधी वकिलातीच्या साइटवर एकदा खात्री करून घ्या, असले नियम बदलत असतात.

शहरातून यायला दोन चांगले मार्ग. मेट्रोची ३ नंबर लाइन पकडून कोपिल्को स्टेशनला उतरायचं आणि फॅकल्ट्यांच्या मधून चालत यायचं, किंवा मेट्रोबसची १ नंबर लाइन, जी इन्सुर्खेन्तेस नावाच्या लांबच लांब रस्त्यावरून येते, तिने सिउदाद उनिव्हर्सितारिआ थांब्यापर्यंत. मी म्हणेन जाताना कोपिल्कोने जा आणि येताना मेट्रोबसने. कोपिल्कोच्या बाजूने वह्या-झेरॉक्सची दुकानं, खाण्याचे ठेले, घाईत निघालेली पोरं असं सगळं ओलांडत तुम्ही येता, आणि लायब्ररी झाडांच्या वर अचानक दिसते. कॅम्पसच्या आत पुमाबुस नावाची फुकट बस असते, पाय दुखले तर ती घ्या.

शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सुमारे ६०० मीटर वर. हवा थंड वाटते आणि ऊन मात्र सडकून लागतं, फसायला होतं. पाण्याची बाटली, सनस्क्रीन, टोपी. आणि एक दुर्बीण घ्याच, साधी ८ पट मोठं दाखवणारी, पक्षी बघायला नेतो तसली. दुर्बिणीशिवाय गेलात तर निम्मं काम होईल, हे मी अगदी मनापासून सांगते. कोणाकडून उसनी घ्या.

पायरी ३: लांबून सुरुवात, जवळ शेवटी

लायब्ररीसमोर लास इस्लास नावाचं मोठं हिरवळीचं मैदान आहे, पोरं लोळत असतात, कोणी अभ्यास करतंय, कोणी बॉल खेळतंय. तिथे लांब जाऊन बसा. पहिली १० मिनिटं फोन बाहेर काढू नका. एवढ्या लांबून माणसं-देव-आकडे काही ओळखू येणार नाही, फक्त मोठे आकार दिसतील, दोन गोल, मधला उभा पट्टा, डावी-उजवी बाजू एकमेकांना तोलतायत. ओ'गॉर्मनने प्रत्येक भिंतीची रचना अशीच केलीय, मधे एक कणा आणि दोन्हीकडे दोन विरुद्ध गोष्टी. हा कणा लांबूनच कळतो, जवळ गेल्यावर हरवतो.

मग फरसबंदी चौकात या, साधारण भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरावर थांबा. मान फार वर न करता पूर्ण भिंत नजरेत बसते ती जागा. इथून दुर्बीण लावा आणि एक काम करा, भिंतीवरच्या बारीक चौकोनी रेषा शोधा. सापडल्या की तुम्हाला कामाची गुरुकिल्ली मिळाली, कारण हे चित्र भिंतीवर बसून जडवलेलं नाही. साधारण १ मीटर बाय १ मीटरच्या फरश्या जमिनीवर तयार केल्या, आणि मग वर नेऊन भिंतीला बसवल्या. त्या रेषा म्हणजे फरश्यांचे सांधे. आता तुमच्याकडे मोजपट्टी आहे! एखाद्या चेहऱ्यात किती फरश्या येतात मोजा, तेवढे मीटर.

शेवटी भिंतीच्या पायथ्याशी जा आणि वर बघा. चित्र दिसणार नाही, नुसते दगड दिसतील. ते बघायलाच जायचं.

पायरी ४: चार भिंती

दक्षिण. पोस्टकार्डवर असते ती हीच, वसाहतकाळाची, स्पॅनिश राजवटीची. लांबून दिसलेले दोन गोल म्हणजे दोन विश्वं: एक टॉलेमीचं, ज्यात पृथ्वी मधोमध, आणि दुसरं कोपर्निकसचं, ज्यात सूर्य मधोमध. दोन्ही एकाच भिंतीवर समान आकाराची. मधल्या कण्यावर तेव्हाच्या स्पेनच्या राजाचं, पाचव्या चार्ल्स बादशहाचं राजचिन्ह शोधा. एका बाजूला धर्म आणि ज्ञान, दुसऱ्या बाजूला तलवार आणि लूट अशी ओढाताण सगळ्या भिंतीभर चालू आहे. मला ही भिंत प्रामाणिक वाटते. ज्यांनी जिंकलं त्यांना तो निव्वळ राक्षस करत नाही आणि देवही करत नाही, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. आपल्याकडे वसईला किंवा जुन्या गोव्यात फिरताना मनात जो गोंधळ होतो ना, चर्च सुंदर आहे आणि त्यामागचा इतिहास दुखरा आहे, तो या भिंतीसमोर उभं राहिलं की आठवतो. या भिंतीला कमीत कमी ४० मिनिटं द्या.

उत्तर. स्पॅनिश यायच्या आधीचा काळ. माझी सगळ्यात आवडती, आणि बघायला सगळ्यात अवघड. इथली आकृत्या काढायची पद्धत जुन्या मेक्सिकोतल्या चित्रपोथ्यांमधून घेतलेली आहे, म्हणजे माणसं बाजूने काढलेली, सावली नाही, खोली नाही, सगळं एका पातळीवर. मधोमध निवडुंगावर बसलेला गरुड शोधा. तेनोचतित्लान, म्हणजे आजचं मेक्सिको सिटी, जिथे असा गरुड दिसेल तिथे वसवायचं अशी कथा आहे, आणि मेक्सिकोच्या झेंड्यावर आजही तोच आहे. भिंतीवर निळे पट्टे फिरतायत ते पाणी, कारण ते शहर तळ्यात होतं. आता ती मघाची गोष्ट आठवा, निळा दगड मिळाला नाही म्हणून काच वापरली. तिरपं ऊन असलं की पाण्याच्या या पट्ट्यांवर चमक येते जी शेजारच्या दगडांवर येत नाही. ठरवून केलंय की आपोआप झालंय याच्याशी मला देणंघेणं नाही, पण पाणी चमकतं.

या भिंतीच्या दोन बाजू म्हणजे एकीकडे सूर्य, जीवन आणि दुसरीकडे चंद्र, मृत्यू. देव भरपूर आहेत. त्लालोक, पावसाचा देव, गोल चष्म्यासारखे डोळे आणि लांब दात, एकदा ओळखला की पुन्हा चुकणार नाही. केत्झालकोआत्ल, पिसांचा नाग. सगळे ओळखायच्या मागे लागू नका, दोन-तीन ओळखा आणि बाकीचे नुसते बघा.

टोपीचं राहिलं होतं. थंडीच्या दिवसांत ही भिंत सावलीत असते आणि वरचं आकाश इतकं झगझगीत असतं की डोळ्याची बाहुली आकसते आणि भिंत काळी वाटते. टोपीची कड इतकी खाली ओढा की आकाश दिसेनासं होईल, वहीसुद्धा चालेल, कपाळावर आडवी धरायची. अर्ध्या मिनिटात भिंतीवरचे रंग वर यायला लागतात. सावलीतला उजेड सगळीकडे सारखा असतो त्यामुळे दगडादगडातला फरक, दोन गुलाबींमधला फरक, उलट जास्त नीट कळतो. पहिल्या वेळी मला हे माहीत असतं तर मी तशी परत आले नसते.

पूर्व. ही अरुंद बाजू, आधुनिक जगाची. मधे अणू. १९५० चं दशक आहे हे लक्षात घेऊन बघा, सगळं जग तेव्हा अणूकडे आशेने आणि धास्तीने बघत होतं. सूर्य-चंद्र इथेही आहेत. क्रांती, शेतकरी, कामगार. सकाळचं कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा दगडांच्या छोट्या छोट्या सावल्या पडतात आणि पृष्ठभाग कापडासारखा विणलेला दिसतो.

पश्चिम. विद्यापीठाची स्वतःची भिंत, मोठ्ठं बोधचिन्ह मधोमध, गरुड आणि कोंडोर (दक्षिण अमेरिकेतलं मोठं गिधाड) यांनी धरलेला लॅटिन अमेरिकेचा नकाशा. त्या चिन्हाबरोबरचं ब्रीद विद्यापीठाचा तेव्हाचा कुलगुरू होसे व्हास्कोन्सेलोस याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं, अर्थ साधारण असा की 'माझ्या वंशाच्या मुखाने आत्मा बोलेल'. खरं सांगायचं तर चारांत मला ही सगळ्यात कमी भिडते, थोडी सरकारी वाटते. पण संध्याकाळी ५ च्या उन्हात बघितली तर पिवळे दगड असे पेटतात की तक्रार राहत नाही.

पायरी ५: पायथा आणि आतला भाग

हे जवळजवळ सगळे जण सोडून जातात. ठोकळ्याच्या खालचा रुंद भाग काळ्या लाव्हाच्या दगडाचा आहे आणि त्यावर जुन्या मेक्सिकोतल्या आकृत्यांचं उठावाचं कोरीव काम आहे, त्लालोकचा चेहरा पुन्हा इथे भेटतो. हा काळा दगड कुठून आणला? कुठूनच नाही, तो तिथलाच. हा सगळा भाग पेद्रेगाल म्हणतात तो, साधारण १,७०० वर्षांपूर्वी शित्ले नावाचा ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा पसरला, त्याखाली कुइकुइल्को नावाचं जुनं गाव गाडलं गेलं, त्याचा गोल पिरॅमिड आजही जवळच बघता येतो. कॅम्पस त्याच लाव्हावर बांधलाय. म्हणजे तो बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचा आणि अजिंठा-वेरूळचा दगड तोच, फक्त आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा आणि त्यांचा कालपरवाचा. मी पहिल्यांदा पायथ्याशी उभी राहिले तेव्हा ती भोकंभोकं असलेली काळी भिंत बघून एकदम घरच्यासारखं वाटलं. हात लावायचा मोह होतो, पण कोरीव कामाला लावू नका, बाहेर मोकळ्या कातळाला लावा, कॅम्पसभर आहे.

आत जाताना बॅग आणि ओळखपत्र विचारू शकतात, पासपोर्टची फोटोकॉपी जवळ ठेवा. खालच्या वाचनकक्षात काही खिडक्यांना साध्या काचेऐवजी ओनिक्सचे पातळ पत्रे लावलेत, मधासारखा पिवळसर दगड, ज्यातून उजेड झिरपतो. भर दुपारी आत बसायला म्हणूनच सांगितलं. बाहेर दगडाने ऊन अडवलंय आणि आत दगडातूनच ऊन येतंय, तेही वाचायला पुरेल इतकं मऊ होऊन. एक पुस्तक घेऊन अर्धा तास बसा. बाकी ती चालू लायब्ररी आहे, पोरं परीक्षेचा अभ्यास करत असतात, फ्लॅश नको, कुणाचे फोटो नको, व्हिडिओ कॉल तर नकोच नको.

पायरी ६: फोटो

दोन-तीनच गोष्टी. जवळून फोन वर करून फोटो काढला की इमारत मागे पडतेय असं दिसतं, म्हणून लांब जा आणि झूम करा, उलट करू नका. स्क्रीनवर ग्रिड चालू करा आणि इमारतीची कड ग्रिडच्या उभ्या रेषेला लावा. आकाशामुळे भिंत काळी येत असेल तर भिंतीवर बोट ठेवून एक्सपोजर थोडं वाढवा, आकाश पांढरं झालं तरी चालेल, आकाश बघायला आपण आलेलो नाही. आणि पूर्ण भिंतीच्या एका फोटोबरोबर एकाच फरशीचे पाच फोटो काढा, तेच नंतर कामाला येतात.

जमलं तर फोनऐवजी वहीत चार चौकोन आखा, प्रत्येकात फक्त कणा आणि दोन बाजूंचे मोठे आकार. चित्र येत नसलं तरी चालतं. हात चालला की डोळा थांबतो.

पायरी ७: आजूबाजूला

वेळ उरला तर शेजारीच रेक्टोरीची, म्हणजे कुलगुरूंच्या कार्यालयाची इमारत आहे, तिच्यावर सिकेरोस या मेक्सिकन भित्तिचित्रकाराचं काम, भिंतीतून बाहेर आलेले हात, चित्र आणि शिल्प यांच्या मधलं काहीतरी. रस्त्यापलीकडे ऑलिम्पिक स्टेडियमवर दिएगो रिव्हेराचं रंगीत दगडाचंच उठावकाम आहे, ते अपुरं राहिलं, मधला भाग तेवढा झाला. आणि दुसऱ्या दिवशी शक्य असेल तर कोयोआकान भागातलं आनाहुआकायी नक्की बघा, रिव्हेराने आपल्या पुरातन मूर्तींसाठी बांधायला घेतलेली काळ्या दगडाची वास्तू. तिथल्या छतांवर जी दगडी चित्रं आहेत ती म्हणजे रिव्हेरा आणि ओ'गॉर्मन यांची या तंत्राची सुरुवातीची चाचणी. लायब्ररी बघून मग तिकडे गेलात तर एखाद्या गवयाचा रियाज ऐकल्यासारखं वाटतं.

पायरी ८: घरी एक फरशी करून बघा

हे मी परत आल्यावर भाचरांबरोबर केलं आणि त्यानंतर त्या भिंतींबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. तंत्र ओ'गॉर्मनचंच, उलटं. तिथे पूर्ण मापाची चित्रं कागदावर काढून जमिनीवर पसरली, त्यावर दगड मांडले, वरून काँक्रीट ओतलं, आणि सुकल्यावर फरशी उलटली. म्हणजे दगड लावणाऱ्याला चित्राची पाठ दिसत असते, पोट नाही.

आपण १ फूट बाय १ फूट करू. आधी गोष्ट एकदम सोपी निवडा, मासा, सूर्य, पान. कागदावर काढा आणि खिडकीच्या काचेवर उलटा धरून मागच्या बाजूने गिरवा, कारण शेवटी आरसाप्रतिमा सुलटी होणार. अक्षरं असतील तर हे अजिबात विसरू नका.

दगड गोळा करायला एक सुट्टी द्या, हाच खरा आनंदाचा भाग आहे. नदीकाठचे गोटे, काळी खडी, जांभ्याचे तुकडे, विटांचे तुकडे, कोट्याची फरशी, संगमरवराच्या कारखान्याबाहेर पडलेले तुकडे. जांभा तांबडा, कोटा हिरवट-राखाडी, वीट केशरी, संगमरवर पांढरा. निळा शोधायला लागलात की तुम्हालाही मिळणार नाही, तेव्हा ओ'गॉर्मनची आठवण येईल, मग निळ्या बाटलीची किंवा टाइलची काच घ्या. फोडताना गोणपाटात गुंडाळून हातोडीने, डोळ्यांवर गॉगल, आणि काचेचं काम मोठ्यांनीच करायचं. तुकडे अर्धा ते पाऊण इंचाचे ठेवा.

मैद्याची खळ करा, पोस्टर चिकटवायला करतात तशी. फेव्हिकॉल वापरू नका, तो नंतर पाण्याने सहज सुटत नाही आणि कागद दगडावरच राहतो. दगडाची चांगली बाजू खाली, कागदाकडे, हे भाचरांना मी दहा वेळा सांगितलं तरी विसरत होती. दोन दगडांत बारीक फट ठेवा, सिमेंटला आत शिरायला जागा हवी. रात्रभर सुकू द्या.

मग भोवती लाकडी पट्ट्यांची चौकट, आतून तेलाचा हात. १ भाग सिमेंट, ३ भाग चाळलेली वाळू, पाणी बेताचं, लाडवाच्या मिश्रणापेक्षा थोडं सैल. हाताला रबरी मोजे घाला, ओलं सिमेंट कातडी खातं. पहिला पातळ थर हलक्या हाताने फटींमध्ये दाबा, त्यावर कोंबडीजाळीचा तुकडा, वर उरलेला माल, एकूण जाडी १ इंच. चौकटीला बाजूने हलके ठोके द्या म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात. एवढीशी फरशी ५ किलोच्या आसपास भरते. आता विचार करा तिथे एकेक फरशी १ चौरस मीटरची, म्हणजे याच्या ११ पट, आणि ती १० मजले वर न्यायची.

दुसऱ्या दिवशी चौकट काढा पण उलटायची घाई करू नका, ओलं गोणपाट टाकून ७ दिवस पाणी मारा. आठव्या दिवशी दोघांनी धरून उलटा, कागद स्पंजने भिजवा, १५ मिनिटं थांबा आणि कोपऱ्यापासून सोलायला घ्या. खळ राहिली असेल ती जुन्या टूथब्रशने. दगडावर सिमेंटचा पांढरट थर दिसेल, त्याला अ‍ॅसिड लावू नका, संगमरवर आणि कोटा दोन्ही खराब होतात, साधा तारेचा ब्रश आणि भरपूर पाणी पुरतं. आणि मग फरशी ओली असतानाच अंगणात उन्हात आणून ठेवा, सकाळच्या तिरप्या उन्हात, आणि मुलांना सांगा लांब जाऊन बघा.